पोरांना घेऊन कोल्हापुरात बाहेर पडताना: अर्ध्या दिवसाच्या सहली कशा आखायच्या

आमच्याकडं पाहुणे आले की बेत ठरलेला. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, जेवून पन्हाळा, येता येता जोतिबा आणि रात्री रंकाळ्यावर भेळ. मोठी माणसं हे निभावून नेतात. दोन वर्षांपूर्वी पोरांना घेऊन हाच फेरा मारला, तेव्हा थोरलीनं पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी बसकण मारली आणि "घरी कधी जायचं?" एवढंच विचारत राहिली. धाकटा जोतिबाच्या वळणावर ओकला. रंकाळ्यावर पोचलो तेव्हा दोघंही गाडीत गाढ झोपलेली. भेळ आम्ही नवरा-बायकोनंच खाल्ली.

त्यानंतर आम्ही घरात नियमच केला. पोरांबरोबर जायचं ते अर्धा दिवस, एकाच ठिकाणी, आणि तिथं पोरांना करायला काहीतरी काम पाहिजे. 'बघायला चला' म्हटलं की पोरं दहा मिनिटांत कंटाळतात. मोजायला, शोधायला, उचलायला, विचारायला दिलं की तीच पोरं दोन तास हलत नाहीत. आता थोरली नऊ वर्षांची आहे, धाकटा पाचाचा. या दोन वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमानं सांगते.

आधी वेळ ठरवा, ठिकाण नंतर

आपण उलटं करतो. ठिकाण ठरतं, मग आवरता आवरता अकरा वाजतात आणि नेमकं उन्हात पोचतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे सुखाचे महिने. सकाळी सात ते दहा किंवा दुपारी चारनंतर कुठंही जा. डिसेंबरात सहा वाजताच सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळची सहल असेल तर घरातून साडेतीनलाच निघा. मार्चपासून सकाळी साडेनऊच्या आत परत फिरायचं, नाहीतर साडेपाचनंतर बाहेर पडायचं. एप्रिल-मेमध्ये वळवाची भीती वेगळी. दिवसभर घामाघूम झालं आणि दुपारनंतर ढग दाटायला लागले की टेकडी, पठार आणि तलावाचा काठ रद्द. वाटेत गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली उभं राहायचं नाही. पक्क्या इमारतीत किंवा बंद चारचाकीत शिरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबायचं. पोरांना हा अर्धा तास मोजायला द्या, बरा जातो.

पावसाळ्यात पोरांना कोंडून ठेवायचं कारण नाही. रेनकोट घालून तासभर भिजायला न्या. नदीचं मात्र वेगळं. कोल्हापूरकराला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ असते: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पोरांनाही हे आकडे शिकवा, ती रोज सकाळी पेपरात पातळी बघून सांगतील. पण पाणी चढत असताना पंचगंगा घाटावर 'पूर बघायला' पोरांना नेऊ नका. पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि बुडालेली पायरी कुठं संपते ते वरून कळत नाही. पावसाळ्यातली आमची आवडती सहल आषाढातली आहे. नदीला नवं पाणी आलं की पेठापेठांतून ते पाणी कलशांतून टेकडीवरच्या टेंबलाई देवीला नेतात, पुढं पी-ढबाक, म्हणजे पिपाणी नि ढोल, वाजत असतं. आपल्या गल्लीच्या मिरवणुकीत थोडं अंतर चाला आणि टेकडीवरच्या गर्दीत शिरायच्या आत माघारी फिरा. पोरांच्या कानात ते 'पी... ढबाक' आठवडाभर राहतं, आणि घरातली पातेलीही आठवडाभर वाजतात.

आदल्या रात्री

पिशवी आदल्या रात्री भरायची. सकाळी भरली की काहीतरी राहतंच, आणि जे राहतं तेच लागतं.

आमच्या पिशवीत हे असतं: प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली, जुना पंचा, धाकट्याची एक चड्डी नि शर्ट, ओले कपडे कोंबायला पिशवी, साबणाची वडी, चिकटपट्ट्या, ओआरएसची दोन पाकिटं आणि एक शिट्टी. पंच्याला हसू नका. तो बसायला होतो, डोक्याला गुंडाळायला होतो, नाक पुसायला होतो आणि आडोसा धरायलाही होतो. खायला केळी, गूळ-शेंगदाणे, भडंग किंवा कोरडं थालीपीठ. चॉकलेट उन्हात वितळतं आणि मग तीच भांडणाची गोष्ट होते.

धाकट्याच्या मनगटावर बॉलपेननं माझा फोन नंबर लिहिते. थोरलीला पाठ आहे, पण गर्दीत घाबरलं की पाठ असलेलंही आठवत नाही, म्हणून तिच्याही हातावर लिहिते. ती कुरकुरते. कुरकुरू दे.

शी-शूचा प्रश्न कुणी लिहीत नाही, पण निम्म्या सहली त्यानंच बिघडतात. निघताना 'आली नाही' म्हटलं तरी बसवून आणायचं. वाटेतल्या पेट्रोल पंपावर किंवा ज्या हॉटेलात चहा घेणार तिथं सोय आहे का, ते आधी बघून ठेवायचं. मुलीबरोबर जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं.

जायचं कसं

चौघं एका स्कुटीवर हे दृश्य आपल्याकडं रोजचं आहे, म्हणून ते ठीक होत नाही. नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चार वर्षांवरच्या मुलाला पूर्ण सवारी धरतात, त्यालाही हेल्मेट लागतं.

गावातल्या गावात केएमटी, म्हणजे शहर बस, बरी. धाकट्याला रंकाळ्यापेक्षा बसच जास्त आवडते, खिडकीची जागा मिळाली की निम्मी सहल तिथंच वसूल. पन्हाळ्याला एसटी आहे. वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, स्वस्त आणि लगेच मिळतं, पण कोंबून भरतात. मी पोरांना घेऊन वडापमध्ये बसत नाही.

पहिली सहल रंकाळ्याचीच करा

लांबच्या सहलीआधी पोरांचा दम, आपला दम आणि पिशवी तिन्ही तपासायला रंकाळ्यासारखी जागा नाही. रस्ता जवळ, बसायला जागा, आणि कंटाळा आला तर पंधरा मिनिटांत घर.

पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. पाच वर्षांचं पोर रमतगमत, थांबत तासात दोनेक किलोमीटर चालतं, आणि तेवढंच परतही यावं लागतं हे आपण विसरतो. एकच बाजू घ्या.

आता कामं. पहिलं काम नंदीचं. रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे: नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाएवढा मागं जातो, ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. घरातून निघताना पोरांच्या खिशात चार गहू आणि चार तांदूळ घाला. नंदीपाशी दाणे शेजारी शेजारी ठेवायचे आणि रोज किती पुढं सरकतो ते काढायचं. आमच्या थोरलीनं बासमती नेला होता. दाणे लावून बघितले आणि म्हणाली, "आई, मग ह्यो मागंच सरकत असणार की!" आजीकडं उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी आजीनं स्वतः जाडा तांदूळ निवडून दिला.

दुसरं काम संध्यामठाचं. पाण्यातली ही दगडी वास्तू पाणी कमी-जास्त होईल तशी दिसते आणि बुडते. पोरांना तिचं चित्र काढायला लावा, पाणी कुठवर आहे तिथं रेघ मारा आणि तारीख घाला. पावसाळ्याआधी एक, नंतर एक, उन्हाळ्यात एक. तीन चित्रं शेजारी ठेवली की तलाव म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकापेक्षा चांगलं कळतं.

तिसरं काम पक्षी. नावं पाठ करायला लावू नका. 'बुडी मारणारे' आणि 'उभे राहणारे' असे दोनच गट करा. टिबुकली बुडाली की पुन्हा कुठं वर येईल यावर पैज लावायची. आमचा धाकटा अजून एकदाही जिंकलेला नाही, तरी प्रत्येक वेळी लावतो. दुर्बीण नसली तरी चालतं. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी साध्या डोळ्यांनी ओळखता येतो.

पाण्याच्या काठावर नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: पाच वर्षांखालचं पोर हाताच्या अंतरावर. दोन मोठी माणसं असतील तर 'आत्ता बघणारा' कोण ते तोंडानं बोलून ठरवा. दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय, आणि घात तिथंच होतो. पाणवठ्याकाठी फोन खिशात.

कुत्र्यांचंही सांगते. हातात भेळ घेऊन पळणारं पोर कुत्र्याला आमंत्रणच देतं. बसून खायचं. कधी चावलंच किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका. ती साबणाची वडी पिशवीत याचसाठी असते.

गावातल्याच आणखी काही जागा

टाऊन हॉलची बाग माझ्या मते कोल्हापुरातली सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे. इमारत १८७२ ते १८७६ या काळातली, आत वस्तुसंग्रहालय. पोरांना सगळी दालनं फिरवू नका, एकच वस्तू शोधायला सांगा: ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. समुद्राचा हा परदेशी देव रोमन काळात व्यापाराबरोबर पंचगंगेच्या काठी कसा पोचला असेल, यावर घरी येईपर्यंत गप्पा चालतात. मग बाहेर येऊन माना वर करायच्या. उंच झाडांवर वटवाघळं उलटी लटकलेली असतात. दिवेलागणीला ती उठतात, तेव्हा मोजायचा प्रयत्न करून बघा. तोंड मात्र बंद ठेवा. हे विनोदानं म्हणत नाही.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर सकाळच्या सायकलीसाठी आणि मोरांसाठी. मोर बघायचा तर लवकर आणि गप्प जावं लागतं, त्यामुळे आमच्या धाकट्याला तो अजून पुरता दिसलेला नाही. केकावली मात्र खूप ऐकली. पिसं गोळा करायला मिळाली तर नशीब.

खासबागेत कुस्तीच्या गर्दीत जाण्याआधी एकदा मैदान रिकामं असताना जा. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ साली खुलं झालं. मधोमध लाल मातीचा आखाडा, भोवती उतरती बैठक. पोरांना सगळ्यात मागच्या कोपऱ्यात बसवा आणि विचारा, आखाडा दिसतो का? मग दुसऱ्या कोपऱ्यात. कुठूनही दिसतो, मध्ये खांब नाही. का ते त्यांना शोधू दे. आखाड्यात चप्पल घालून जायचं नाही, हे आत शिरायच्या आधीच सांगून ठेवा.

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलही दाखवा. पेठांच्या तालमींचे सामने म्हणजे काय, हे कोल्हापूरबाहेरच्याला सांगून कळत नाही. पण पहिल्यांदा फायनलला नेऊ नका. साखळीतला साधा सामना निवडा, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा आणि मध्यांतरापर्यंतच थांबा. आपल्या पेठेचा संघ हरायला लागला तर मध्यांतराच्या थोडं आधीच उठलेलं चांगलं.

कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय पसरलेलं आहे, चालणं बरंच होतं. तिथं आम्ही एक बलुतेदार वाटून घेतो. थोरली कुंभार शोधणार, धाकटा लोहार, आणि त्यानं हातात काय धरलंय ते घरी आल्यावर आजीला सांगायचं.

गुऱ्हाळ: वर्षातून एकदा, पण चुकवू नका

करवीर आणि पन्हाळा तालुक्यात दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत गुऱ्हाळं चालू असतात. हल्ली कमी झाली आहेत, म्हणून ओळखीतून आधी विचारून जा. कामाची जागा आहे, आयत्या वेळी चार पोरं घेऊन टपकणं बरोबर नाही.

कमीत कमी तीन तास हाताशी ठेवा, कारण एक आदण, म्हणजे रसाची एक खेप, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघण्यात मजा आहे. घाण्यातून रस निघतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळतात, म्हणजे ऊस स्वतःच्याच जळणावर शिजतो. हे थोरलीला फार पटलं. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढत राहतात. रस पिवळा, मग तांबूस, मग त्यावर मोठे बुडबुडे यायला लागतात. काकवी यायच्या सुमाराला गूळ करणाऱ्या गुळव्याकडं लक्ष द्या. तो थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो, आणि काहील कधी उतरवायची ते त्या गोळीवरून ठरवतो. घड्याळ नाही, काटा नाही. मग निववायच्या वाफ्यात गूळ पडतो, घोटतात आणि साच्यात भरतात.

पोरांचं काम: निघताना एका उसाचं वजन करायचं आणि गुळव्याला विचारायचं, याचा गूळ किती होईल? साधारण दहा किलो उसाला एक किलो गूळ. घरी आल्यावर चहातला गुळाचा खडा किती उसाचा, हे गणित थोरलीनं आपणहून केलं.

आता सावध करायचं ते. उकळत्या पाकाचा चटका पाण्यापेक्षा वाईट. पाक शंभर अंशांच्या वर तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. काहिलीपासून मोठ्या माणसाच्या सहा-सात पावलांवर जमिनीवर रेघ मारा, पोरांनी ती ओलांडायची नाही. काहील उतरवताना तर पार बाहेर उभं राहायचं. घाण्याजवळ ओढणी, गळ्यातली दोरी, सैल बाह्या नकोत. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही, आणि डॉक्टर. पाच वर्षांच्या आतल्या, हात सोडून पळणाऱ्या पोराला मी गुऱ्हाळावर नेणार नाही. एक-दोन वर्षांनी नेलं तरी गूळ तितकाच गोड लागेल.

पन्हाळा, पण फक्त पन्हाळा

वीस किलोमीटर, म्हणजे जवळच. तरी सकाळी आठला गडावर असाल तरच मजा. निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका, वळणांवर ओकाऱ्या होतात. एखादं केळं पुरे, बाकी वर पोचल्यावर.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचं नाव जागतिक वारसा यादीत आलं, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. पण पोराला 'वारसा' सांगून काही होत नाही. गोष्ट सांगा. १६६० चा वेढा, सिद्दी जौहर, भर पावसातली जुलैची रात्र आणि विशाळगडाकडची दौड. ती रात्री झोपताना आधीच सांगून ठेवली तर गडावर पोरंच आपल्याला वाट दाखवतात.

तीन जागा पुरतात. अंबरखान्याला गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं आहेत. आत जाऊन हाक मारा आणि आवाज किती घुमतो ते ऐका. इतकं धान्य का साठवायचं, हा प्रश्न वेढ्याच्या गोष्टीला आपोआप जोडला जातो. तीन दरवाजात आत येणारा शत्रू कुठं अडकेल, ते पोरांना उभं राहून दाखवू द्या. आणि अंधारबावीत, म्हणजे गडावरच्या पायऱ्यांच्या विहिरीत, मोठ्या माणसाचा हात धरूनच उतरायचं. तटावर, सज्जाकोठीच्या कडेला, बुरुजावर पोर नेहमी आतल्या बाजूला आणि आपण कडेकडं. फोटोसाठी तटावर बसवणं बंद.

पावसाळा संपताना पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलं येतात. तिथं पोरांना वाटेवरूनच चालवा. गवतात पाय घालायचा तर बूट आणि पूर्ण पँट, हातात काठी. साप चावला तर बांधणं, चिरणं, मांत्रिक यांतलं काही नाही. पोराला हलू द्यायचं नाही, दागिना किंवा धागा काढायचा, १०८ ला फोन करायचा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

हरवलं तर

प्रत्येक ठिकाणी पोचल्या पोचल्या एक खूण ठरवा: 'चुकलो तर या दगडी खांबापाशी.' चुकलेल्या पोरानं शोधत फिरायचं नाही, तिथंच थांबून शिट्टी वाजवायची किंवा जवळच्या लेकुरवाळ्या बाईला हातावरचा नंबर दाखवायचा. दहा मिनिटांत सापडलं नाही तर वाट बघू नका, ११२ लावा. निघताना घातलेल्या कपड्यांत पोरांचा एक फोटो काढून ठेवते. एकदा माझ्या लक्षातच येईना की धाकट्यानं हिरवा शर्ट घातलाय की निळा.

खाणं

मिसळ पोरांना द्यायची तर कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागा आणि दह्याची वाटी जवळ ठेवा. भेळवाल्याला तिखट चटणी न घालता द्यायला सांगितलं तर तो आधी आपल्याकडं दयेनं बघतो, मग देतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी पिळताना पोरांना जरूर दाखवा. समोर धार काढलेलं दूध बघून शहरातली पोरं थक्क होतात. पण कच्चं दूध लहान पोरांना पाजू नका. आम्ही लिटरभर घरी आणतो, उकळतो आणि मग देतो. आमच्या सासऱ्यांना हे अजिबात मान्य नाही. ते स्वतः तिथंच उभ्यानं पितात.

परत यायची वेळ

पोर रडायला लागल्यावर निघालो तर उशीर झाला. खेळ रंगात असतानाच 'अजून दोन वेळा आणि मग घर' असं सांगायचं आणि दोनच वेळा करू द्यायचं. दुसऱ्यांदा सवलत दिली की तिसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

घरी आल्यावर पाय धुणं, काट्या-कुसळांसाठी तळवे नि कानामागं बघणं, आणि मग पुढच्या रविवारचं ठिकाण ठरवणं. तो हक्क आळीपाळीनं पोरांचा. धाकट्याची पाळी आली की तो न चुकता रंकाळा म्हणतो, आणि खिशात गहू-तांदूळ भरून सकाळी सहालाच दारात उभा असतो.